चिंधी बांधलेला अंगठा

कासारवाडीत खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी माझं नाव विचारलं नाही. कंपनी कुठली, लग्न झालंय का, काही म्हणजे काही नाही. ओसरीवर माझ्याकडे पाठ करून बसले होते. तसेच बसून बायकोला म्हणाले, "त्येला कागुद दे." मालकीणबाईंनी शेंगदाण्याची पुडी सोडून तिचा कागद सरळ केला आणि माझ्या हातात ठेवला. जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा होता, कुठल्याशा मंत्र्याचं भाषण, तेही अर्धवट. मी वाचलं. "आता भाईर हुबा ऱ्हा," मालक म्हणाले. मी बाहेर उभा. आतून दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आला, तोच तुकडा वाचणारा. मग मला पुन्हा आत बोलावलं. "दोन शबुद खाल्लंस तू. पर ऱ्हा. खोली तुजी."

म्हातारा चक्रम आहे असं मला त्या दिवशी वाटलं, आणि पुढच्या दहा वर्षांत माझं हे मत काही बदललं नाही.

सत्तर साल उलटून एकदोन वर्षं झाली असतील. मी बार्शीकडचा, हायवेलगतच्या एका कंपनीत टेम्पररी हेल्पर. सहा-सात महिने काम झालं की ब्रेक, मग पुन्हा गेटवर जाऊन उभं राहायचं. बायको आणि दीड वर्षाची पोरगी तिच्या माहेरी. सासऱ्यांच्या प्रत्येक पत्रात शेवटी एकच वाक्य असायचं: पर्मनंट झालात की येऊन दोघींना घेऊन जा. पर्मनंट झाल्याशिवाय येऊ नका, असा त्याचा अर्थ. तेवढं कळायला मी काही मूर्ख नव्हतो.

मालकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मूलबाळ नव्हतं. आठ खोल्यांची चाळ, मागे जमिनीचा एक पट्टा आणि त्यात विहीर, एवढा त्यांचा संसार. विहीर त्यांच्या नावावर असली तरी पाणी सगळ्या वस्तीचं. नळ यायचा होता, म्हणजे येणार येणार असं प्रत्येक निवडणुकीत ऐकू यायचं. सकाळ-संध्याकाळ बायांची रीघ असायची, आणि कोण कुठल्या जातीची हे त्या विहिरीवर कुणी विचारायचं नाही. मालकांनीच तशी तंबी दिली होती म्हणे.

तर घरात जो कागद येईल तो मालक तिघांकडून वाचून घ्यायचे. एकेकट्याला बोलावून. नोटीस असो, पावती असो, लग्नाची पत्रिका असो. एक वाचणारा मी. दुसरे मिस्त्री, जुन्नरकडचे मुसलमान, मराठी शाळेत शिकलेले. थेरगावच्या रस्त्याला त्यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. तिसरा एक कोकणातला कारकून, त्याला सगळे कोकणीभाऊ म्हणायचे. तिघंही त्याच चाळीतले भाडेकरू. मालकांनी आम्हाला मुद्दाम निवडून ठेवलं होतं. "तिघांचं गाव येगळं, देव येगळा, कामाची जागा येगळी," ते आमच्या तोंडावर म्हणायचे, "तुमचं आपसात जमायचं न्हाई." कागदाबद्दल एकमेकांशी बोलायला बंदी. चहा मिळायचा, पण वाचून झाल्यावर. आधी पाजला की वाचणारा मालकाला आवडेल असं वाचतो, हे त्यांचं म्हणणं.

आणि ऐकताना तोंड भिंतीकडे. मी एकदा वैतागून विचारलं, "मालक, माणसाकडे बघून ऐकावं की हो." तर म्हणाले, "तोंड बघितलं की मानूस खरा वाटाया लागतो. तोंडाचं काय खरं हाय?"

आम्ही तिघं तीन तऱ्हेने वाचायचो. कोकणीभाऊ वाचता वाचता स्वतःचं प्रवचन जोडायचा, "म्हणजे बघा मालक, याचा अर्थ असा की," आणि सुटलाच. मिस्त्री 'उपरोक्त' किंवा 'तत्संबंधी' असला शब्द आला की थांबायचे, "ये क्या लफडा है?" म्हणून कपाळ खाजवायचे आणि मग तोडून तोडून पुढे जायचे. मी भरभर वाचायचो. दर दोन ओळींना भिंतीकडून आवाज यायचा, "हळू." तिन्ही वाचनं कधी म्हणजे कधी जुळायची नाहीत. मालक तिघांचं मनात धरून ठेवायचे आणि त्यातून खरं काय ते काढायचे. कागदाचा शब्द न् शब्द त्यांना पाठ व्हायचा.

मालकीणबाई म्हणायच्या, "लग्नात अंतरपाट धरलेला, आन ह्ये भटजीला इच्यारत्यात, आत्ता काय म्हनलास त्ये मराठीत सांग! मुहूर्त टळाया आला. माजा बाप म्हनला, पोरी, ह्यो गडी तुला कधी फसवायचा न्हाई, पर सुखानं झोपू बी द्यायचा न्हाई."

निवडणूक आली की आमची करमणूक. एका उमेदवाराचा माणूस पत्रक घेऊन यायचा. मालक त्याला बसवून ठेवायचे आणि विरोधी उमेदवाराच्या माणसाला बोलावून तेच पत्रक त्याच्याकडून वाचून घ्यायचे. मग उलट. दोघंही घामाघूम. एकदा एक कार्यकर्ता चिडून म्हणाला, "मत कुणाला देणार ते तरी सांगा!" मालक म्हणाले, "आदी वाचून तर हुंदे."

आणि ती चिंधी! कुठल्याही पुढाऱ्याच्या सभेला, सत्काराला, अगदी पुढाऱ्याच्या घरच्या जेवणालाही ते डाव्या अंगठ्याला चिंधी बांधून जायचे. कुणी विचारलं तर "लागलंय." वर्षानुवर्षं त्यांच्या अंगठ्याला लागलेलंच होतं. सभेत हजेरीच्या वहीवर सही-अंगठा मागितला तर म्हणायचे, "म्या हितं बसलोय ते दिसतंय न्हवं? मग वहीत कशाला?" लोक हसायचे. मीही हसायचो.

हसणं थांबलं ते मालकीणबाईंनी चिंधीमागची गोष्ट सांगितली तेव्हा. कंपन्या नुकत्या यायला लागल्या होत्या त्या काळात गावाला चावडीवर बोलावलं. गावातला पहिला मॅट्रिक झालेला पोरगा कागद वाचायला उभा राहिला. म्हणाला, जमिनीची मोजणी व्हायचीय, तिला तुमची हरकत नाही, एवढंच लिहिलंय. सगळ्यांनी अंगठे दिले. मालकांनीही दिला. चार महिन्यांनी शेतात तारेचं कुंपण पडलं तेव्हा कळलं की कागद मोजणीचा नव्हता, जमीन दिल्याचा होता. विहिरीचा पट्टा तेवढा वाचला, कारण तो त्या कागदात लिहायचा राहिला होता.

"त्या माणसाचा राग नाही येत?" मी मालकांना विचारलं.

"त्येचा कशापायी? त्यो खोटं वाचनारच. त्येला त्यात मिळनार व्हतं. चूक आमची हाय. ऐकाया समदं गाव, आन वाचनारा येकटा."

हा मॅट्रिक झालेला पोरगा आता मोठा झाला होता. दोन-तीन कंपन्यांतल्या युनियनचा अध्यक्ष, वॉर्डाचा पुढारी, पांढरी जीप. सगळे त्याला अध्यक्ष म्हणायचे.

मी राहायला येऊन चार-पाच वर्षं झाली असतील, एक दिवस अध्यक्षांनी मला ऑफिसात बोलावलं. पायरीवर चपला काढतानाच मला संशय आला होता. माझ्यासारख्या टेम्पररी माणसाला खुर्ची देतात म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय.

"किती ब्रेक झाले राव?"

"सात."

"आठवा नको व्हायला. बायको-पोर गावाकडं आहेत ना? घेऊन या त्यांना आता." मग टेबलावर कागद सरकवला. मालकांची चाळीमागची जागा वाचनालय आणि व्यायामशाळेसाठी देण्याचा करारनामा. चांगलाच होता की! फक्त मध्ये एका ओळीला पेन्सिलीने बारीक खूण केलेली. "ही ओळ तांत्रिक आहे. म्हाताऱ्याला कळायची नाही, उगाच घाबरेल. वाचताना सोडून द्या."

"पण ते तिघांकडून वाचून घेतात."

अध्यक्ष हसले. "बाकीच्यांची काळजी तुम्ही करू नका."

मी ती ओळ वाचली. कळली. कळली नाही असं आजवर दहा जणांना सांगितलंय, पण कळली होती. पट्ट्यातली विहीर, विहिरीकडे जाणारी वाट, आणि जागा पुढे वाटेल त्याला देण्याचा अधिकार, हे सगळं त्या एका ओळीत होतं. वाचनालयाची नुसती पाटी लागणार आणि मागून कुठल्या तरी कारखानदाराची भिंत येणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मी घरी येताना मनाशी म्हणत होतो, जागा त्यांची, गाव त्यांचं, आपण कोण? आपण भाडेकरू. दीड वर्षाची सोडून आलेली पोरगी आता सहा वर्षांची झाली होती आणि मला काका म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी तो कागद मालकांकडे पोचला आणि त्यांनी मला बोलावलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी वाचलं. खूण केलेल्या ओळीशी आलो आणि खालच्या ओळीवर गेलो. काही झालं नाही. भिंत तशीच, मालक तसेच. चहा आला. मी प्यालो. कसा होता ते मला सांगता येणार नाही.

दोन दिवसांनी मालकांनी आम्हा तिघांना एकत्र बोलावलं. असं कधीच झालं नव्हतं. मिस्त्री हात पुसत आले, कोकणीभाऊ माझ्याकडे बघेना. मालक पहिल्यांदाच आमच्याकडे तोंड करून बसले होते.

"तुमचं जुळलं," ते म्हणाले.

मिस्त्रींनी पुसलेले हात पुन्हा पुसले.

"इतक्या वर्सांत कंदी जुळलं न्हाई. शबुद न् शबुद येकसारका." मग त्यांनी कोकणीभाऊकडे बोट केलं. "ह्यो बाबा येकदा बी 'म्हंजे बघा मालक' म्हनला न्हाई." मिस्त्रींकडे. "ह्ये कुटं अडलं न्हाईत." मग माझ्याकडे. "आन तू हळू वाचलंस. म्या सांगायच्या आदीच हळू वाचलंस." थांबले. "कंची वळ खाल्ली?"

बाहेर विहिरीवर रहाट कुरकुरत होता, कुणीतरी कुणाला तरी हंडा लवकर भर म्हणून ओरडत होतं. पुढे कधीतरी माझी बायको इथे आली तर तीही इथूनच पाणी भरणार, हे मला त्या क्षणी सुचलं. त्याआधी सुचलं नव्हतं याची लाज वाटली, आजही वाटते. मी कागद उचलला आणि ती ओळ वाचली. "सदर जागेतील विहीर व विहिरीकडे जाणारी वाट यांसह, तसेच सदर जागा पुढे कोणासही देण्याच्या अधिकारासह."

"पुन्ना वाच."

तीनदा वाचून घेतली. मग मिस्त्री एकदम बोलले, "मालक, गॅरेज उठवतो म्हणाला रस्त्यावरनं. बारा माणसं खातात माझ्या घरी." कोकणीभाऊच्या भावाला नगरपालिकेत चिकटवायचं आमिष होतं. मी माझं सांगितलं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं.

रविवारी सकाळी अध्यक्ष स्वतः आले, सोबत चार माणसं आणि शाईचा पॅड. विहिरीवर पाणी भरणाऱ्यांची गर्दी होती, ती जीप बघून ओसरीपुढे जमली. मालकांच्या अंगठ्याला चिंधी. ते भिंतीकडे वळले. "अध्यक्ष, तुमी वाचा. तुमचा आवाज ग्वाड हाय."

अध्यक्षांनी वाचलं. काय तो आवाज! सगळं वाचलं, ती ओळ सोडून.

"ह्ये बी जुळलं," मालक भिंतीलाच म्हणाले. "आता ऱ्हायलेली म्या म्हनतो." आणि त्या निरक्षर माणसाने 'सदर जागेतील विहीर' पासून 'अधिकारासह' पर्यंत अख्खी ओळ खणखणीत म्हणून दाखवली, एकही शब्द न चुकता. बायांना बाकीचं कळलं नसेल, पण विहीर आणि वाट एवढं बरोबर कळलं. एका म्हातारीने हंडा खाली ठेवला आणि अध्यक्षांना म्हणाली, "आमी काय मग तुज्या वाचनालयात पानी प्यायचं व्हय रं?"

"नजरचुकीने राहिली," अध्यक्ष हसत म्हणाले, आणि जाता जाता माझ्याकडे असं बघितलं की मला माझा आठवा ब्रेक तिथेच कळला. तो आलाच. त्यानंतर त्या गेटवर मला कुणी उभं केलं नाही. मिस्त्रींचं गॅरेजही उठलं. त्यांनी चाकणच्या रस्त्याला नवं टाकलं आणि मला तिथे कामाला घेतलं. पर्मनंट नव्हे, पण ब्रेकही नव्हता. त्या दिवाळीत मी सासऱ्यांना न विचारता गावी गेलो आणि दोघींना घेऊन आलो.

पण त्याआधी, त्याच रविवारी संध्याकाळी, मी मालकांना विचारलं होतं, "खोली कधी सोडू?"

"कशापायी?"

"मी खोटं वाचलं ना तुम्हाला."

"म्हनूनच ऱ्हा. तुजं खोटं कसं ऐकाया येतं त्ये आता ठावं झालंय मला. नवा मानूस आनला तर त्येचं वळखाया पुन्ना पाच वर्सं घालवू?"

ही काही माफी नव्हती. माफी असती तर मला ती पटली नसती. पुढेही आम्ही तिघं वाचत राहिलो, एकेकटे, चहाच्या आधी, त्यांच्या पाठीला.

महापालिका व्हायचं घाटत होतं त्या सुमाराला एका दुपारी मालकांच्या पोटात असह्य कळ आली. हॉस्पिटलात नेलं. आतड्याला पीळ पडलाय, लगेच ऑपरेशन, म्हणाले. तरुण डॉक्टर छापील फॉर्म आणि शाई घेऊन आला. मालकांनी डावा हात पांघरुणाखाली घेतला. तिथेही चिंधी होती.

"बाकीचं दोगं?"

"मिस्त्री मुंबईला गेलेत, कोकणीभाऊ गावाला. मी एकटाच आहे मालक."

"आजोबा, वेळ नाही हो," डॉक्टर काकुळतीला आला.

मालकांनी कण्हत कण्हत मान भिंतीकडे वळवली. मी वाचायला लागलो. मधेच ती ओळ दिसली: शस्त्रक्रियेत अथवा नंतर रुग्णाचा मृत्यू झाल्यास डॉक्टर व रुग्णालय जबाबदार राहणार नाहीत. डॉक्टरने मला मानेने खुणावलं, नको. पायाशी उभ्या मालकीणबाईंनी हात जोडले, नको. आणि खरं सांगतो, मलाही वाचायची नव्हती. म्हाताऱ्याने ती ऐकली आणि अंगठा दिला नाही तर? इथे कुणाचा ब्रेक नव्हता, जमीन नव्हती. इथे त्यांचा जीव होता, आणि तो मला हवा होता. पण मी वाचली. भरभर वाचली, पुढची त्याहून भरभर.

"हळू," भिंतीकडून आवाज आला.

मी रडायला लागलो. मालकांनी पांघरुणातून हात बाहेर काढला, दातांनी चिंधीची गाठ सोडली आणि अंगठा डॉक्टरपुढे धरला. एकाच माणसाच्या वाचनावर. डॉक्टरला यात काय विशेष ते कळलं नाही, त्याने शाई लावली आणि स्ट्रेचर ओढलं.

मालक वाचले. घरी निघताना त्यांनी नर्सकडून तोच फॉर्म कोरा मागून घ्यायला लावला. आठव्या दिवशी मिस्त्री आणि कोकणीभाऊ दोघंही परतले होते. मालकांनी ओसरीवर उशीला टेकून आम्हाला एकेकट्याला बोलावलं. मिस्त्री 'अथवा' पाशी अडले. कोकणीभाऊने मृत्यूच्या ओळीवर त्याच्या चुलत्याच्या ऑपरेशनची सगळी हकीगत सांगितली. मी पुन्हा भरभर वाचलं आणि दोन शब्द खाल्ले.

मग मालकांनी तिघांना एकत्र बोलावलं, तोंड भिंतीकडेच ठेवून.

"न्हाई जुळलं," ते समाधानाने म्हणाले. मग आत वळून हाक मारली, "अगं, च्या टाक. तिघास्नी."